बोपचे बाईंची दुरुस्ती

आमच्या शाळेत मुलांना मारायला बंदी नव्हती, फक्त डोक्यावर मारायला होती. आणि ही बंदी काही शिक्षण खात्यानं घातलेली नव्हती, ती बोपचे बाईंची होती. पी.टी.च्या सरांचा हात एखाद्या पोराच्या टाळूकडे वळला, की व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "ओ पी.टी.! हातावर मारा, पायावर मारा, डोस्क्यावर नोका मारू! मेंदूची पेशी मेली का मेली, दुसरी येत नाई!" पी.टी.चे सर अंगापिंडानं पैलवान. पण वर गेलेला हात ते तसाच आपल्या कानापाशी नेत आणि कान खाजवल्यासारखं करत.

मी मूळचा यवतमाळकडचा. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी मी आमगावच्या या शाळेत मराठी शिकवायला आलो. आम्ही ज्वारीची माणसं आणि इथं सकाळ-संध्याकाळ भात. त्यामुळे पहिले काही महिने मी कायम अर्धपोटीच असल्यासारखा हिंडत होतो. हे सगळ्यांत आधी ओळखलं ते बोपचे बाईंनी. त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे डब्याचं झाकण सरकवलं आणि म्हणाल्या, "ओ मराठी, भाकर आणली तुह्यासाठी. मले जमत नाई, जाड झाली. खा गपचूप."

सहकाऱ्यांना त्या विषयाच्या नावानंच हाक मारत. "भूगोल, चहा थंडा होऊन राहिला", "इंग्रजी, तुही साडी मस्त आहे व", असं चाले. मुख्याध्यापक गणित शिकवायचे, म्हणून शाळेत इन्स्पेक्टर आलेले असतानाही ते "गणित"च राहिले. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत, स्टाफरूममध्ये झाडीबोली, शेजारणींशी पोवारी आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी. रागावल्या की चारही भाषा एकदम कामाला लागत.

शिकवणं मात्र असं, की मी माझा तास संपला तरी शेजारच्या वर्गाच्या दारात रेंगाळायचो. मेंदू शिकवायचा त्या दिवशी त्या बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू आणत, स्टीलच्या डब्यात घालून. एकदा तो डबा स्टाफरूमच्या टेबलावर माझ्या डब्याशेजारी होता आणि मी भुकेच्या भरात नको तोच उघडला. मी जो काही आवाज काढला तो मराठीच्या शिक्षकाला शोभणारा नव्हता. बाई शांतपणे म्हणाल्या, "भेव नोको. त्यात जेवढं होतं तेवढं तो बकरा वापरून गेला. तू आपलं पाह्य." तास झाल्यावर शिपायानं तो मेंदू घरी न्यायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी त्याला मसाला कोणता घालायचा तेही सांगितलं.

प्रयोगाच्या बाबतीत मात्र गंमत चालत नसे. दोन कुंड्या घ्यायच्या. माती एक, बी एक, ऊन एक. एकीला खत द्यायचं आणि दुसरीला द्यायचं नाही. एकाच कुंडीला खत घालून "बाई, रोप वाढलं" असं सांगणाऱ्याला त्या उभं करत. "ते खतानं वाढलं का आपल्या मनानं वाढलं, तुले कोनं सांगितलं?" असं विचारत. चुकलेल्यानं उभं राहायचं, हा त्यांच्या वर्गाचा कायदा. मार नाही, शिव्या नाहीत. आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची आणि बसायचं.

त्यांना मधुमेह झाला तेव्हा खरी करमणूक सुरू झाली. डॉक्टरनं भात कमी करायला सांगितला होता. बाई दोन दिवस फणफणत होत्या. "आमगावात राह्यते अन् भात सोड म्हनते! त्यापरीस श्वास सोड म्हन ना बापा!" शेवटी भात अर्धा झाला, सकाळी रेल्वे फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणं सुरू झालं आणि पर्समध्ये दोन गोष्टी कायमच्या आल्या. एक गोळ्यांची पट्टी आणि दुसरी साखरेची पुडी. साखर फार खाली गेली तर अंगाला घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणं अडखळतं, तेव्हा चमचाभर साखर तोंडात टाकायची, हे त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. न जाणो, स्टाफरूममध्येच त्या कोसळल्या तर! पण गुलाबजामाचा योग असला की मात्र ती पुडी आणि तो धडा दोन्ही विसरायला त्या तयार असत.

त्यांचे यजमान हिवराजभाऊ शाळेत फारसे न शिकलेले, शेतकरी माणूस. बाई जेवढ्या बोलक्या, तेवढे ते अबोल. पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की या माणसाला वाचा फुटायची. मंडई म्हणजे गावजत्राच. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि दुपारी मैदानात दंडार उभी राहते. पुरुष मंडळी ढोलकीवर फेर धरून गाणी म्हणतात आणि मधूनमधून सोंगं आणून लोकांना हसवतात. हिवराजभाऊ त्यांच्या गावच्या दंडारीचे पुढे गाणारे. गाणी बापाकडून आलेली, एकही कुठं लिहिलेलं नाही, सगळी यांच्या डोक्यात. "बांधीच्या पाळीवर बगळा बसला, मासा पाहून गालात हसला" हे धानाच्या बांधावरच्या बगळ्याचं गाणं त्यांनी सुरू केलं, की शेवटच्या रांगेतली म्हातारीही मान हलवायला लागे. बायकोला ते चारचौघांत "मास्तरीण" म्हणत आणि ते म्हणताना जरा लाजत. बाई संगीतात ढ. त्यांना सूर कळत नसे, पण नवरा गायला लागला की त्या सगळ्या मैदानाकडे अशा बघत, जणू हे गाणं त्यांनीच प्रयोगशाळेत तयार केलं आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि दोन-चार वर्षांतच हिवराजभाऊ विसरायला लागले. आधी गाण्यातली एखादी ओळ गेली. ढोलकीवाला सांभाळून घेई. मग एका संध्याकाळी ते शेतावरून दुसऱ्याचेच बैल घेऊन घरी आले आणि ते आपले नाहीत हे काही केल्या मानेनात. पुढे बाजारात गेले आणि घराची गल्ली चुकले. गोंदियाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की हा वयाचा साधा विसराळूपणा नाही, मेंदूचाच आजार आहे आणि तो हळूहळू वाढणार. हा डॉक्टर बाईंचाच विद्यार्थी. बाईंनी त्याला एवढंच विचारलं, "पेशी मरून राहिल्या ना?" तो हो म्हणाला. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. पुढचं त्यांनीच तर त्याला शिकवलं होतं.

अशात एका दुपारी त्या माझ्या घरी आल्या. हातात पेपरातलं कात्रण. उन्हातून चालत आल्या होत्या, पण पाणीसुद्धा घेतलं नाही. "मराठी, हे वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. मधुमेहावर सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन नावाची जी गोळी आहे, तिच्यामुळे मेंदूत नव्या पेशी तयार व्हायला मदत होत असावी, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. मोठ्या वयातही मेंदूच्या काही भागांत नव्या पेशी येत असाव्यात, असं शास्त्रज्ञ बऱ्याच दिवसांपासून म्हणत आहेत, असंही पुढे होतं.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता त्या आनंदानं काहीतरी बोलतील. पण त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. "म्हंजे एवढे वर्सं मी पोट्ट्यायले खोटं शिकवलं? पुस्तकात होतं म्हनून शिकवलं ना मी! कोनी सांगितलं काऊन नाई मले?"

आणि दुसऱ्या दिवसापासून बोपचे बाईंची दुरुस्ती मोहीम सुरू झाली. आमगावात त्यांच्या हाताखालून न गेलेलं घर शोधावं लागेल. बँकेत त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि खिडकीशी आल्यावर पासबुक न देता कॅशियरला म्हणाल्या, "बेटा, तुले मी चुकीचं शिकवलं होतं. मेंदूत नवी पेशी येते. थोडी येते, पन येते असं म्हनतात. शुगरच्या गोळीनं आनखी येते म्हने. लक्षात ठेव." रेल्वेच्या तिकीट खिडकीवर तेच, राइस मिलच्या फाटकावर तेच. भाजीवाला म्हणाला, "बाई, मी तं तुमच्याच विषयात नापास झालो होतो." त्यावर बाई म्हणाल्या, "मंग तुह्यं बरोबर होतं!" आणि त्याच्याकडून वांगी घेतली. त्यांची ही फेरी पाहून लोक हसत, पण त्या गेल्यावर हसत. तोंडावर सगळे हातातलं काम थांबवून धडा ऐकून घेत. मी स्वतः मराठीत कितीतरी चुकीचे अर्थ शिकवले असतील, पण ते घरोघर जाऊन परत घेण्याची कल्पना मला या जन्मात सुचली नसती.

या मोहिमेच्या मागे दुसरी एक गोष्ट चालली होती, हे मला उशिरा कळलं. कात्रण घेऊन बाई गोंदियाच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. हिवराजभाऊंना ही गोळी द्या, म्हणाल्या. डॉक्टर बिचारा आपल्या बाईंपुढे हिंदी-मराठी मिसळून बोलायला लागला. "बाई, ये सब चूहों पर हुआ है. माणसावर पक्कं काहीच नाही अजून. भाऊंना शुगर नाही. मी त्यांना ही गोळी नाही देऊ शकत."

"उंदराले देते अन् मानसाले देत नाई?"

"बाई, तुम्हीच तर शिकवलं, दोन कुंड्यांचं."

त्या तशाच उठून आल्या. आणि घरी येऊन त्यांनी आपल्या पट्टीतली गोळी काढली, अर्धी मोडली आणि सकाळच्या जेवणानंतर नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. रोज देऊ लागल्या. हिवराजभाऊंनी गोळी कसली ते विचारलं नाही. मास्तरणीनं दिली म्हणजे चांगलीच असणार.

त्या दिवाळीत बाई मला भेटल्या तेव्हा वयानं दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. "काल बगळ्याचं गानं अख्खं म्हटलं यानं. एक ओळ नाई सोडली! मंडईले उभा रायतो म्हनते." मलाही फार बरं वाटलं. माणूस आजारात कधी कधी चार दिवस बरा दिसतो, हे त्या वेळी ना त्यांना आठवलं ना मला.

मंडईच्या दिवशी मीही गेलो होतो. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांच्यात पुढेच बोपचे बाई, मांडीवर पर्स. हिवराजभाऊ फेट्यात आले. त्यांच्या दंडारीची एक रीत होती. गणाची पूजा होऊन पहिला फेर पुरा होईपर्यंत गाणाऱ्यानं अन्नाला शिवायचं नाही. सकाळी बाईंनी त्यांना विचारलं होतं, "जेवले ना?" त्यांनी सांगितलं, "हो, जेवलो." जेवले नव्हते. जेवलो की नाही हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं, पण पूजेआधी ताटावर बसायचं नाही हे मात्र त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. ही रीतही ते विसरले असावेत असं समजून बाईंनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून गोळी दिली आणि त्या दिवशी गाण्याला जोर यावा म्हणून अर्धी नाही, अख्खी दिली.

पहिला फेर सुरू झाला. आवाज अजून तसाच खणखणीत. मग दारुड्याचं सोंग आलं, तेही हिवराजभाऊंकडेच. ते झुलायला लागले, जीभ जड झाली, शब्द एकमेकांत अडकले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. असं हुबेहूब सोंग त्यांनी कधी वठवलं नव्हतं. ते गुडघ्यावर बसले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याला बक्षिसाची नोट टाचली. माझ्या शेजारचा हसून हसून डोळे पुसत होता. मीही हसत होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बोपचे बाई उठल्या. कार्तिकातली गार हवा आणि नवऱ्याचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हे त्यांना दिसलं होतं. त्या ढोलकीवाल्याला ढकलून आत शिरल्या, पर्समधली पुडी फाडली आणि नवऱ्याचा जबडा धरून साखर त्याच्या तोंडात कोंबली. लोकांना वाटलं, दारुड्याची बायको आली! "वा मास्तरीन, वा!" असा गलका झाला. बाई ओरडल्या, "चूप बसा रे पोट्टेहो! मरून राहिला तो!"

मग ढोलकी थांबली. काही वेळानं हिवराजभाऊंनी डोळे नीट उघडले. लोकांनी त्यांना उचललं, कुणाची तरी जीप मिळाली आणि आम्ही गोंदियाला निघालो. वाटभर बाई त्यांना साखरेचं पाणी पाजत होत्या आणि "आयकून राहिले ना? माह्यं आयकून राहिले ना?" एवढंच विचारत होत्या.

डॉक्टरनं सुई लावली, धोका टळला. मग तो बाहेर येऊन विचारायला लागला, की शुगर नसलेल्या माणसाची साखर एवढी खाली गेलीच कशी? बाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

"बाई, बसा ना."

"नाई. चूक केली का उभं रायाचं असते. गोळी मी दिली. माही, शुगरची."

त्यानं पट्टी मागून घेतली, वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. बाईंची गोळी दोन औषधांची मिळून होती. पेपरात होतं ते एक आणि साखर खाली ओढणारं दुसरं. तो बाईंवर पहिल्यांदाच चिडला. "दुसरं औषध लिहिलंय ना वर! तुम्ही, बाई? तुम्ही वाचलं नाही?"

"मले एकच नाव दिसून राहिलं होतं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन कुंड्या लागतात, माहीत आहे मले. पन माह्याजवळ हिवराज एकच होता."

डॉक्टरनं बाईंच्या दंडाला धरून त्यांना बाकावर बसवलं.

हिवराजभाऊंना एक दिवस ठेवून घरी सोडलं. मला वाटलं, आता बाई लोकांना तोंड दाखवायच्या नाहीत. पण त्या मला दुसऱ्याच आठवड्यात बँकेच्या रांगेत दिसल्या. पुन्हा सगळ्या गावाची फेरी, आता ती गोळी कुणाला देऊ नका म्हणून सांगायला. त्यांना भीती वाटत होती, की आपलं ऐकून कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या आईला, बापाला घरातली मधुमेहाची गोळी देईल. आणि ती भीती खोटी नव्हती. राइस मिलच्या फाटकावरचा माणूस खाली मान घालून म्हणाला, की आईसाठी शेजाऱ्याकडून पट्टी मागून आणली आहे. बाई तशाच त्याच्या घरी गेल्या आणि पट्टी ताब्यात घेऊनच परतल्या.

कॅशियर पोरगा मात्र वैतागला. "बाई, एकदा काय ते ठरवा ना! पेशी येते का नाही येत?"

बाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मले माहीत नाई."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वर्गात त्यांनी ते कधी म्हटलं असेल असं वाटत नाही. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुणाही विद्वानाचा वाटलेला नाही, आणि हे मी त्यांना तिथं सांगायला हवं होतं.

पुढे माझी बदली यवतमाळला झाली. घरच्या भाकरीकडे परत जायचं होतं, तरी जीव जड झाला होता. निघायच्या आधी बाईंकडे गेलो. धानाची कापणी नुकतीच आटोपली होती. अंगणात बाई सुपानं तांदूळ पाखडत होत्या आणि शेजारी खाटेवर हिवराजभाऊ बसलेले. अंगानं बरेच वाळले होते, पण स्वच्छ दाढी, स्वच्छ सदरा. गाणी सगळी गेली होती. बगळ्याचंसुद्धा.

त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि मग बाईंकडे वळून अदबीनं विचारलं, "तुमी कोन व?"

बाईंनी सूप थांबवलं. "मी शकुन. तुमची बायको. शाळेत शिकवत होती मी. तुमी मले मास्तरीन म्हनता."

"असं का! बरं झालं सांगितलं," हिवराजभाऊ म्हणाले आणि खरोखरच खूश झाले.

मी चहा घेईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, तेच शब्द, तोच आवाज, कुठंही घाई नाही. उठताना मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, दिवसभर हेच सांगायचं म्हणजे कंटाळा येत नसेल का हो?"

त्यांना माझा प्रश्न अडाणीपणाचा वाटला असावा. "कायले येईन? सगळी नोकरी मी एकच धडा शिकवला ना, मराठी? धडा जुना, पन दर साली पोट्टे नवे. कोन्या वर्गाले मी म्हटलं का, मागच्या साली सांगितलं होतं म्हनून?"

मी फाटकापर्यंत आलो. मागून हिवराजभाऊंचा आवाज आला, "बाई, तुमी कोन?" वळून पाहिलं, तर बोपचे बाईंनी सूप खाली ठेवलं होतं. हात झटकून त्या खाटेकडे पुऱ्या वळल्या आणि त्यांना सांगायला लागल्या.